हात ठेवायचा नाही, नाना

काशीदच्या थोडं पुढं आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. वाडीच्या कुंपणाला लागून एक कौलारू घर बरीच वर्षं बंद होतं. गाण्याच्या टीचर ते विकत घेऊन राहायला आल्या हे गावात कुणाला कळलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र सगळ्या गावाला कळलं. माडावर चढणारा गणपत माझ्या माडाच्या निम्म्यात पोचला होता. तेवढ्यात कुंपणापलीकडून एक आवाज उठला. खालून वर गेला आणि वरच थांबला, खाली यायचं नाव घेईना. गणपत सरसरत खाली आला.

"नाना, बाई मेली कोनतरी."

"मेलेली बाई एवढं ओरडत न्हाय," मी म्हटलं आणि कुंपणापाशी गेलो. "ओ बाई! इथं मानसं झाडावर चढतात! पडला एखादा तर तुमच्या नावानं केस करीन!"

खिडकी उघडली. कानापर्यंत कापलेले पांढरे केस, अंगात पुरुषी शर्ट, गळ्यात दोरीनं लटकवलेला चष्मा. माफी वगैरे काही नाही. माझ्या तोंडाकडं टक लावून बघत राहिल्या.

"परत ओरडा," म्हणाल्या.

"काय?"

"आत्ता ओरडलात तसंच. पोटातून ओरडलात, घसा मध्ये आणला नाहीत. मुंबईत हे एकेकाला शिकवायला मला वर्ष वर्ष लागायचं."

मी काही परत ओरडलो नाही. कुणी सांगितलं म्हणून मी आजवर काही केलेलं नाही. पण त्यांनीही सकाळचं गाणं थांबवलं नाही. शेवटी गणपतनंच आपली चढायची वेळ बदलली.

त्यांचं नाव आग्नेस. पण दारावरच्या पाटीशिवाय ते कुठं वापरात नव्हतं. सगळे टीचर म्हणत, मीही म्हणायचो. त्या मूळच्या कोर्लईच्या, किल्ल्याखालच्या ख्रिश्चन वाड्यातल्या. बापाचं मासेमारीचं होडकं होतं. लहान वयात मुंबईला गेल्या, गाणं शिकल्या आणि मग सारं आयुष्य तिथंच लोकांना ऑपेरा शिकवला. ऑपेरा म्हणजे काय, हे मी त्यांनाच विचारलं होतं.

"तुमचं संगीत नाटक असतं ना, तसंच," त्या म्हणाल्या. "फक्त चहा पाहिजे असला तरी गाऊन मागायचा."

"आनि चहा थंड झाला तर?"

"तर त्याच्यावर अजून एक गाणं."

ही बाई हसायची नाही. असं बोलायची आणि समोरच्यानं हसावं म्हणून थांबायचीही नाही. विद्यार्थ्यांना बर्फाचा गोळा बंद, लोणचं बंद, पंख्याखाली झोपणं बंद. आणि स्वतः स्वयंपाकघरात उभ्याउभ्या पावाबरोबर सुकटीची झणझणीत चटणी खायच्या. मी बोललो तर म्हणाल्या, "मी आता कुठं गाते? मी नुसती वाट दाखवते." बाजारात कोळणीशी भाव करताना त्यांचं लक्ष माशाकडं नसायचं, तिच्या जबड्याकडं असायचं. एकदा तर मला म्हणाल्या, "काय मोकळा जबडा आहे मॅन हिचा," आणि त्या नादात शिळी सुरमई घेऊन आल्या.

"छान" हा शब्द त्यांच्याकडं नव्हता. फार झालं तर "हं." चुकलं तर रागवायच्याही नाहीत. बाजाच्या, म्हणजे त्यांच्या विजेवरच्या कीबोर्डच्या, पट्ट्यांवरून दोन्ही हात उचलून मांडीवर ठेवायच्या आणि गप्प बसायच्या. त्या गप्पपणाला घरातली पाल पण घाबरत असेल.

आता माझ्या नातीचं सांगतो. मुलगा आणि सून दोघंही मस्कतला नोकरीला. निकिता लहान होती तेव्हापासून माझ्याकडं. माझी बायको गेल्यावर घरात आम्ही दोघंच. ही पोरगी कपडे धुताना कुंपणापलीकडचे ते आवाज काढून बघायची. एका सकाळी टीचर थेट माझ्या ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"नाना, ही पोरगी मला द्या."

"द्यायला ती काय नारळ हाय?"

"शिकवायला द्या."

"तिला विचारा."

"तिला विचारलं. ती म्हणाली, नानांना विचारा."

शिकून काय बिघडतंय, घर तर शेजारचं, म्हणून मी व्हय म्हटलं. पण पोरगी कुणाच्या घरात जाते ते बघायला नको? मी पण सोबत जाऊन बसायला लागलो. पहिले कितीतरी महिने गाणं नाहीच. निकिता जमिनीवर उताणी पडलेली, पोटावर माझ्याच वाडीतला सोललेला नारळ. श्वास घेताना नारळ वर गेला पाहिजे, छाती हलता कामा नये.

"नारळ माझा, नात माझी," मी म्हटलं. "गाणं कुठं हाय?"

"त्या नारळाखाली," टीचर म्हणाल्या.

मग गाणं आलं, आणि त्याबरोबर मी कामाला लागलो. टीचरचं एक ठाम होतं. गाणं हवेला सांगायचं नसतं, समोरच्या माणसाला सांगायचं असतं. माणूस नसेल तर गाऊ नये. म्हणून त्यांनी खोलीच्या मधोमध हात असलेली एक खुर्ची ठेवली आणि मला तिच्यात बसवलं.

"तुम्ही काही करायचं नाही, नाना. ती तुम्हाला सांगते आहे. पोचलं तर पोचलं. कंटाळा आला तर खुशाल जांभई द्या. पण माझ्यासाठी म्हणून खोटं ऐकू नका."

मग काय, मी जांभया दिल्या. निकिताच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि टीचर खूश व्हायच्या. "बघ, त्यांच्यापर्यंत गेलंच नाही. वाटेत सांडलं. परत." गावात लोक हसायला लागले, नाना म्हातारपणी खुर्चीत बसून परक्या भाषेतली गाणी ऐकतो म्हणून. मी त्यांना म्हटलं, तुम्हाला तरी घरात कोण गाऊन काय सांगतं? तेवढ्यावर गप्प झाले.

ज्या गाण्यावरून सगळं पुढचं घडलं ते एका जुन्या इटालियन नाटकातलं. गोष्ट टीचरनी मला साध्या मराठीत सांगितली होती. मुलगी घर सोडून निघालेली असते. बापाला ते मान्य नसतं. तो बोलत नाही, बघत नाही. ती आधी त्याला समजावते, मग चिडते, मग गुडघ्यावर बसून त्याच्या पायांवर डोकं ठेवते आणि आशीर्वाद मागते. बाप हलत नाही. मग ती एकटी उठते आणि शेवटचा भाग गाते, तो फार उंच आहे, आणि गातगातच निघून जाते.

निकिता पहिल्यांदा माझ्या पायांवर वाकली तेव्हा माझा हात तिच्या डोक्यावर गेला. "सुखी रहा," मी म्हटलं.

टीचरचे हात मांडीवर. "हात ठेवायचा नाही, नाना. तो बाप आशीर्वाद देत नाही."

"मग तो कसला बाप?"

"तसला बाप. असतात."

आमच्याकडं पायाशी वाकलेलं डोकं कुणी तसंच सोडत नाही. भांडण असलं तरी नाही. भाऊबंदकीत कोर्टात उभे असलेले सुद्धा दिवाळीला पुतण्या वाकला की हात ठेवतात, मग पुन्हा कोर्टात जातात. त्यामुळं शिकवणीत माझा हात जायचा, टीचर ओरडायच्या, निकिता हसायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. तोवर हसण्यावारी होतं.

मग एक दिवस टीचरनी सांगितलं की इटलीत गाण्याची एक शाळा आहे. तिथं दर वर्षी बाहेरच्या देशांतली थोडी मुलं घेतात, राहण्या-जेवण्यासकट. गाऊन आणि अभिनय करून व्हिडिओ पाठवायचा, मधे कुठं न तोडता. त्यावरून निवडतात.

"आनि निवडली तर?" मी विचारलं.

"तर जाईल."

"किती दिवसांसाठी?"

"दिवस नाही, नाना. वर्षं."

मी उठून वाडीत गेलो. मुलाचा मस्कतहून फोन आला. निकितानं त्याला आधीच सांगितलं होतं. तो म्हणाला, "नाना, तुमी सांगाल ते. तुमच्याकडं वाढली, तुमचा शब्द." म्हणजे सगळं येऊन माझ्यावर पडलं. मी निकिताला सांगितलं, व्हिडिओ पाठव, जायचं-बियचं मागनं बघू. ती पोर माझ्याकडं नुसती बघत राहिली. टीचरना मात्र ते पटलं नाही. कुंपणावरून म्हणाल्या, "मागनं म्हणजे नाही. सरळ नाही म्हणा ना."

"माझ्या घरातलं मी बघीन, बाई."

"बघा. पण तिला लटकवून ठेवू नका. लटकलेल्या माणसाचा श्वास छातीत येतो."

त्यानंतर आमचं बोलणं कमी झालं. शिकवणी चालू होती. मी खुर्चीत बसत होतो, पण खोलीत हवा कोंडल्यासारखं वाटायचं. निकिता कधी माझ्याकडं बघायची, कधी टीचरकडं, आणि आम्ही दोघं दोन वेगळ्या भिंतींकडं.

पाठवायचा शेवटचा दिवस आला. आधी दोन वेळा काढलेलं टीचरनी पुसून टाकायला लावलं होतं. दुपारी जेवण झाल्यावर बसलो. मोबाईल एका स्टुलावर सुंभानं बांधला. उजेड खिडकीतून येत होता तेवढाच, कारण लाईट सकाळपासून गेलेली. बाजा बॅटरीवर. बाहेर किनाऱ्यावर मुंबईच्या लोकांची गाणी धडधडत होती. टीचर स्वतः जाऊन त्यांना काय बोलल्या कुणास ठाऊक, पण ती बंद झाली.

पहिल्या वेळी मध्येच कावळा ओरडला. दुसऱ्या वेळी निकिता फार चांगलं गात होती, मला जांभईची आठवण सुद्धा नव्हती. ती वाकली आणि माझा हात गेला. टीचरनी नुसतं बोट फिरवलं. परत. ती परत वाकली. मी हात घट्ट धरून ठेवला होता खुर्चीला, तरी गेला. टीचरनी बाजावरून हात काढले, पण या वेळी मांडीवर ठेवले नाहीत. उठल्या, माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"नाना, तुम्हाला ती जायला नको आहे."

मी दोन्ही हात मांडीत घेतले.

"मग तोंडानं सांगा. असं हातानं कशाला सांगता? पोरीची वर्षाची मेहनत आहे ही. मुद्दाम का मोडता?"

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

निकिता मध्ये पडली, "टीचर, प्लीज." पण मी उठलो होतो. माझ्या अख्ख्या आयुष्यात कुणी मला लबाड म्हटलं नव्हतं. "माज्या हाताला खोटं म्हनायचं न्हाय," मी म्हटलं. "बसवा दुसरा कोन बाप." आणि निघालो. तो हात आपोआप गेला होता. आजही मी हेच सांगतो. ज्याला पटत नसेल त्यानं आपली नात आपल्या पायाशी वाकवून बघावी.

वाडीत जाऊन पाटाच्या कडेला बसलो. पाणी सोडलेलं होतं, ते माडाच्या आळ्यांत जिरताना बघत राहिलो. मागं चपलांचा आवाज. टीचर. चिखल होता, तरी आल्या. समोरच्या दगडावर बसल्या.

"ऊन उतरलं की संपलं," त्या म्हणाल्या. "उजेड जाईल."

"जाऊ दे."

"माफी मागायला आलेले नाही."

"मागू पन नका."

"एक दाखवायला आले. तुम्ही ऐकत होता की नुसते बसला होता? तुमचा हात डोक्यावर पडला की तिचा आवाज निवांत होऊन खाली बसतो. दोन्ही वेळा बसला. तिला घर मिळतं तिथंच. मग पुढचं गाणं ती कशाला गाईल? कुणासाठी उठेल?"

मी आठवून बघितलं. खरं होतं. हात ठेवल्यावर ती थांबल्यासारखी व्हायची. मला वाटायचं, चुकलं म्हणून थांबली.

"आनि न्हाय ठेवला तर?"

"तर उठते."

"उठून?"

टीचरनी चष्मा काढला, शर्टाला पुसला. त्यांचे डोळे तसे फार लहान होते, चष्म्याशिवाय मी कधी बघितलेच नव्हते.

"माझ्या बापानं नाही ठेवला," त्या म्हणाल्या. "कोर्लईला. मी मुंबईला निघाले तेव्हा तो होडीत जाळं दुरुस्त करत बसला होता. मी वाकले, तो जाळंच बघत राहिला. मी उठले, गेले. गाणं मिळालं मला. पण परत या किनाऱ्याला यायला म्हातारं व्हावं लागलं, आणि तोवर तो नव्हता. हे तुमच्यापासून लपवत नाही. ती गेली तर कशी परत येईल, येईल का, ते मला नाही ठाऊक."

एवढं सांगून त्या उठल्या आणि चालायला लागल्या. बसा, चला, या, काही नाही. चिखलात त्यांची एक चप्पल अडकली, ती हातात घेऊन तशाच गेल्या.

त्यांनी जर मला गोड बोलून सांगितलं असतं, की काही होत नाही, पोरगी दर सुट्टीला येईल, रोज फोन करील, तर मी जागचा हललो नसतो. ती बाई खरं बोलली. मी पाय धुतले आणि तिच्या घरी गेलो, खुर्चीत बसलो. निकितानं मोबाईल चालू केला.

ती गायला लागली. समजावण्याचा भाग गेला, चिडण्याचा गेला. समोरच्या भिंतीवर ओलीचा एक डाग होता, मी त्यावर डोळे लावले. मग ती गुडघ्यावर आली. तिच्या कपाळाचा घाम माझ्या पायाला लागला. गाण्यात तिथं थोडी शांतता आहे, बाजा पण थांबतो. त्या शांततेत ती वाट बघत होती. नाटकातली मुलगी नाही, माझी निकिता. मला तिचा श्वास माझ्या बोटांवर लागत होता. माझे दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर होते आणि खुर्ची बारीक कुरकुरत होती. मी डागाकडं बघत राहिलो.

हात आला नाही, हे तिला कळलं. तिची पाठ एकदा हलली. मग ती उठली आणि गायली. मला त्यातला एक शब्द कळत नव्हता, पण ती चालली हे कळलं. तो आवाज मी आधी ऐकला नव्हता. टीचरच्या सकाळच्या आवाजासारखा वर गेला, पण तो अधांतरी नव्हता, त्याला जायला जागा होती. गात गात ती दाराबाहेर पडवीत गेली आणि शेवटचा सूर तिथून आला.

खोलीत आम्ही दोघं म्हातारे उरलो. टीचर निकिता गेली त्या दाराकडं बघत नव्हत्या. माझ्या हाताकडं बघत होत्या.

"हं," म्हणाल्या.

निकिता आत आली तेव्हा तिचा चेहरा रडून सुजला होता. "नाना, मला खरंच वाटलं तुम्ही परत कधी बोलणार नाही माझ्याशी."

"मला पन," मी म्हटलं.

रेंज टेकडीवर मिळते, म्हणून ती स्कूटर घेऊन तिकडं पळाली. टीचर बाजावर चादर टाकत होत्या. मी सांगून टाकलं, "मी काय व्हय म्हटलेलं न्हाय हां."

"बरं," त्या म्हणाल्या. "मी पण काही ऐकलं नाही."

तिला शाळेत घेतलं. विमानतळावर ती वाकली तेव्हा मी दोन्ही हात ठेवले, चांगले ठेवून उभा राहिलो. मागची रांग खोळंबली तरी उचलले नाहीत. टीचर आल्या नव्हत्या. निरोप द्यायला जायचं नसतं, असं त्यांचं म्हणणं. रडलेला घसा दुसऱ्या दिवशी कामाचा राहत नाही, आणि पोरीला पोचल्याबरोबर गायचं होतं.

त्यानंतर कुंपणापलीकडून सकाळचा आवाज हळूहळू बंद झाला. नवीन विद्यार्थी कुणी आलं नाही. त्यांच्या छातीत दम भरायला लागला होता, वसईला भाची होती, ती न्यायला मागत होती. एके दिवशी घराला कुलूप लागलेलं दिसलं आणि टीचर रस्त्याला एसटीच्या थांब्यावर, पिशवी आणि चादरीत गुंडाळलेला बाजा घेऊन. मला सांगितलं नव्हतं. मी बाजा उचलला, तर म्हणाल्या, "जपून, नाना. तुमच्यापेक्षा नाजूक आहे."

पनवेलची गाडी आली. कंडक्टर म्हणाला, "आजी, हे मागं डिकीत टाका."

"तू जा डिकीत," टीचर म्हणाल्या आणि बाजा खिडकीच्या सीटवर आडवा घालून त्याच्या बाजूला बसल्या. मग खिडकीतून मला हाक मारली. "ती फोन करते?"

"रविवारी."

"काय बोलता?"

"जेवलीस का विचारतो."

"ते नका विचारू. तिथं सगळे जेवतात. आज काय गायलीस ते विचारा. आणि फोनवरच गायला लावा."

"मला काय कळतंय त्यातलं?"

कंडक्टरनं घंटी मारली. जाऊ नका, असं माझ्या तोंडापर्यंत आलं होतं. पण इतक्या लोकांसमोर, आणि या बाईला? मी त्यांची पिशवी खिडकीतून आत सरकवली, बस्स. गाडी निघाली. बाजावरच्या चादरीचा एक कोपरा खिडकीबाहेर आला होता, वाऱ्यानं फडफडत होता. वळणापर्यंत मला तो दिसत होता. मग आतून एक हात आला, त्यानं तो कोपरा ओढून आत घेतला आणि काच लावली.